बोलल्याची शिक्षा आणि तिचा तपास

‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पण कारखान्यात, कचेरीत किंवा रेल्वेच्या यार्डात ती अगदी अक्षरशः खरी होताना दिसते. एखादा कामगार वरिष्ठांना सांगतो की, साहेब, या यंत्रावरचं झाकण निघालेलं आहे, एखाद्याचा हात जाईल. झाकण तसेच राहते आणि चार दिवसांनी त्या कामगाराचीच बदली होते. एखादी हिशेबनीस बाई सांगते की, या वहीतले आकडे जुळत नाहीत. आकडे तसेच राहतात आणि बाईंची नोकरी जाते. अशा माणसाला इंग्रजीत ‘शिटी वाजवणारा’ म्हणतात. मराठीत अलीकडे ‘जागल्या’ हा शब्द त्याच्यासाठी रूढ झाला आहे आणि तो चांगला आहे. जुन्या गावगाड्यात रात्री राखण करून गावाला सावध करणारा तो जागल्या. फरक एवढाच की, हाक देणे हे त्या जागल्याला नेमून दिलेले काम होते. आजचा जागल्या आपण होऊन हाक देतो, आणि ती अनेकांना नको असते.

मात्र आज मला बोलायचे आहे ते जागल्याविषयी नव्हे. त्याला बोलल्याबद्दल खरोखरच शिक्षा झाली की काय, याची चौकशी करणाऱ्या सरकारी तपासनिसाविषयी मी बोलणार आहे. अमेरिकेत हे एक स्वतंत्र काम आहे, त्यासाठी माणसे नेमलेली आहेत आणि ते कसे करावे याचे नियम बारकाईने लिहून ठेवलेले आहेत. ते काम समजून घेतले म्हणजे, ‘सूड घेतला’ असे आपण जे सहज म्हणतो ते सिद्ध करणे किती कठीण असते आणि तरीही का आवश्यक असते, हे ध्यानात येते.

त्या देशात या विचाराचे मूळ बरेच जुने आहे. स्वातंत्र्ययुद्ध चालू असतानाच, १७७७ साली, काही खलाशांनी व अधिकाऱ्यांनी आपल्या आरमाराचा प्रमुख ईसेक हॉपकिन्स याच्या वर्तनाविरुद्ध काँग्रेसकडे तक्रार केली. पुढे हॉपकिन्सला पदावरून दूर करण्यात आले. त्याने उलट बदनामीचा दावा लावला आणि तक्रारदारांपैकी दोघांना तुरुंग दाखवला. तेव्हा ३० जुलै १७७८ रोजी काँग्रेसने ठराव केला की, सरकारी नोकरांचे गैरवर्तन लवकरात लवकर कळवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. एवढ्यावर न थांबता त्या दोघांच्या बचावाचा खर्चही काँग्रेसने उचलला. कर्तव्य सांगितले, आणि ते बजावणाऱ्याच्या पाठीशीही उभे राहिले. दुसरी गोष्ट केली नाही तर पहिलीला अर्थ उरत नाही, हे त्यांना कळले होते.

साध्या कामगारापर्यंत हा आधार पोचायला मात्र फार काळ जावा लागला. २९ डिसेंबर १९७० रोजी तेथे कामाच्या जागेची सुरक्षितता आणि आरोग्य यांविषयीचा कायदा झाला. त्याचा अंमल करण्यासाठी कामगार खात्याखाली जी संस्था स्थापन झाली, तिला तिच्या आद्याक्षरांवरून ‘ओशा’ म्हणतात. आता पाहा, लाखो कारखाने आणि निरीक्षक मोजके. प्रत्येक कोपऱ्यात सरकार कसे डोकावणार? तेथे डोळे असायचे ते कामगाराचेच. म्हणून त्या कायद्याच्या अकराव्या कलमात असे घातले की, धोक्याबद्दल तक्रार केली, निरीक्षकाला माहिती दिली किंवा साक्ष दिली, म्हणून कोणाही कामगाराला नोकरीवरून काढता येणार नाही किंवा कोणत्याही रीतीने त्रास देता येणार नाही.

या कलमाचा खरा अर्थ एका खटल्यातून स्पष्ट झाला. ओहायो राज्यातील मेरियन गावी व्हर्लपूल कंपनीचा घरगुती यंत्रांचा कारखाना होता. छताजवळून फिरणाऱ्या वाहकांवरून सुटे भाग इकडून तिकडे जात. ते कोणाच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून जमिनीपासून सुमारे २० फुटांवर तारेची जाळी बांधलेली होती. जाळीवर पडलेले भाग उचलण्यासाठी देखभाल करणाऱ्या कामगारांना वर चढावे लागे. जाळी जुनी आणि कमकुवत होती. २८ जून १९७४ रोजी एक कामगार तिच्यातून खाली पडला आणि मरण पावला. त्यानंतर दोन कामगारांनी वरिष्ठांकडे तक्रार केली आणि ओशाच्या स्थानिक कचेरीचा पत्ता व दूरध्वनी विचारून घेतला. दुसऱ्याच दिवशी, १० जुलैला, मुकादमाने त्यांना त्याच जुन्या जाळीवर जायला सांगितले. ते म्हणाले, ‘आम्ही जाणार नाही.’ पाळीचे सहा तास उरले होते. त्यांचा पगार न देता दोघांना घरी पाठवण्यात आले आणि नंतर लेखी ठपका ठेवण्यात आला.

सहा तासांची मजुरी आणि एक कागद! एवढ्यासाठी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २६ फेब्रुवारी १९८० रोजी न्यायालयाने एकमताने सांगितले की, मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल आणि दुसरा काही मार्ग उरला नसेल, तर सद्‌भावनेने काम नाकारणाऱ्या कामगाराला शिक्षा करता येणार नाही. पण त्याबरोबर न्यायालयाने एक इशाराही दिला. भीती रास्त नव्हती किंवा हेतू शुद्ध नव्हता असे ठरले, तर परिणाम त्या कामगारानेच भोगायचे. म्हणजे संरक्षण आहे, पण ते आंधळे नाही. हा तोल सांभाळणे हेच तपासनिसाचे काम.

पुढच्या काळात असे आणखी कायदे होत गेले. १९८२ मध्ये मालमोटारींच्या चालकांसाठी, २००० मध्ये विमान वाहतुकीसाठी, एन्‍रॉन कंपनीच्या दिवाळखोरीनंतर २००२ मध्ये भागधारकांच्या कंपन्यांतील हिशेबांसाठी, २०११ मध्ये अन्नपदार्थांसाठी. आज वीसहून अधिक कायद्यांखालच्या सूडाच्या तक्रारी ओशाचे तपासनीस पाहतात. सकाळी रेल्वेचा कामगार तर दुपारी एखाद्या बँकेतील विश्लेषक, असा त्यांचा दिवस जातो.

तक्रार कशी करायची? अर्जाचा ठरावीक नमुना लागत नाही, वकील लागत नाही. दूरध्वनीवरून तोंडी सांगितले तरी चालते. इंग्रजी येत नसेल तर कोणत्याही भाषेतील तक्रार स्वीकारली जाते. म्हणजे तेथे नोकरी करणाऱ्या एखाद्या मराठी माणसाने आपले गाऱ्हाणे मराठीत सांगितले, तर तेही घ्यावे लागेल. इतके दार उघडे ठेवण्याचे कारण उघड आहे. ज्याची नोकरी गेली, त्याच्याजवळ पैसा आणि धीर दोन्ही कमी असतात.

तक्रार आल्यावर तपासनीस चार प्रश्न विचारतो. कायदा कोणताही असो, हे चार प्रश्न सुटत नाहीत. पहिला, कायद्याने ज्याला संरक्षण दिले आहे असे काही या माणसाने केले किंवा सांगितले काय? दुसरा, मालकाला ते ठाऊक होते काय, किंवा तसा संशय तरी होता काय? तिसरा, त्यानंतर या माणसाचे काही नुकसान झाले काय? नुकसान म्हणजे केवळ बडतर्फी नव्हे. हुद्दा उतरवणे, जादा काम बंद करणे, लांब बदली, धमकी, दुसरीकडे नोकरी मिळू नये म्हणून नाव काळ्या यादीत घालणे, हे सर्व त्यात येते. परदेशातून आलेल्या मजुराला ‘तुझे कागद दाखवतो पोलिसांना’ असे धमकावणे हेही त्यातच. आणि चौथा प्रश्न सर्वांत अवघड: पहिल्या गोष्टीमुळेच तिसरी गोष्ट घडली काय?

माझ्या वर्गात हा विषय निघाला की, विद्यार्थी हमखास विचारतात, ‘पण सर, त्याची तक्रार खरी होती की खोटी, हे कोण पाहणार?’ गंमत अशी की, या तपासनिसाने ते पाहायचे नसते. जाळी कमकुवत होती की नाही, हे सुरक्षिततेचा निरीक्षक पाहील. आकडे खोटे होते की नाही, हे दुसरे खाते पाहील. तपासनिसाने एवढेच पाहायचे की, तक्रार करणाऱ्याचा विश्वास प्रामाणिक आणि रास्त होता काय. तसा तो असेल, तर तक्रार पुढे चुकीची ठरली तरी तो सुरक्षित. उलट तक्रार शंभर टक्के खरी असली, पण माणूस दारू पिऊन कामावर आल्यामुळे गेला असेल, तर हा कायदा त्याला वाचवत नाही. जागल्याला चोर दिसला, तो पुढे झाडाची सावली निघाला, म्हणून जागल्याला चाबूक मारला तर पुन्हा कोणी हाक देणार नाही. कायद्याने जपली आहे ती ही हाक देण्याची मोकळीक.

आता चौथ्या प्रश्नाकडे वळू. मालक कधी लिहून ठेवतो काय की, ‘तू तक्रार केलीस म्हणून तुला काढतो’? सहसा नाही. म्हणून तपासनिसाला आजूबाजूच्या खुणांवरून मार्ग काढावा लागतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रेल्वेच्या यार्डात डबे जोडणारा एक कामगार आहे. नोकरी चौदा वर्षांची. महिन्याच्या ३ तारखेला पाय घसरून त्याचा गुडघा दुखावतो आणि त्याच दिवशी तो अपघाताची लेखी वर्दी देतो. अशी वर्दी देणे हा तेथील रेल्वे कामगाराचा संरक्षित हक्क आहे. २६ तारखेला त्याच्या हाती पत्र पडते: ‘सावधपणे चालण्याचा नियम आपण मोडला, सबब आपणांस सेवेतून कमी करण्यात येत आहे.’

तपासनीस प्रथम एक कोरा कागद घेतो आणि तारखा मांडतो. वर्दी आणि बडतर्फी यांत तेवीस दिवस. अंतर थोडे असले की संशयाला जागा होते, पण केवळ तेवढ्यावर सर्व प्रकरण उभे राहत नाही. मग तो विचारतो, हा नियम आणखी कोणी मोडला होता काय? घसरलेले पण लागले नाही म्हणून गप्प बसलेले इतर कामगार असतील, त्यांचे काय केले? त्यांना नुसती ताकीद आणि याला बडतर्फी, हा भेद का? कंपनीच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे आधी ताकीद, मग तात्पुरती बंदी, मग बडतर्फी असा क्रम असेल, तर या वेळी मधल्या पायऱ्या का गाळल्या? पत्रात एक कारण, चौकशीत दुसरे आणि वकिलाच्या उत्तरात तिसरे, असे तर झाले नाही? कारणे बदलू लागली की, तपासनिसाचे कान टवकारतात.

आणि आता नाण्याची दुसरी बाजू. कंपनीलाही आपले म्हणणे लेखी मांडण्याची पूर्ण संधी द्यावी लागते. समजा, कंपनीने कागद दाखवला की, या कामगाराला आधीच दोन ताकिदी मिळाल्या होत्या आणि बडतर्फीचा मसुदा १ तारखेलाच, म्हणजे अपघाताच्या दोन दिवस आधीच, तयार झाला होता. मग काय? तो कागद खरा ठरला, तर सूडाचा आरोप तेथेच कोसळतो. जो निर्णय आधीच झाला, तो नंतरच्या वर्दीमुळे झाला असे कसे म्हणणार? म्हणून तो मसुदा संगणकावर खरोखर कोणत्या दिवशी तयार झाला, हेही पाहावे लागते. त्यानंतर ते उत्तर तक्रारदाराला दाखवतात आणि त्याचे प्रत्युत्तर घेतात. असा कागद तीन-चार वेळा इकडून तिकडे जातो.

कागदापेक्षा अवघड असतात माणसे. तक्रारदार पुष्कळदा पिशवीभर कागद घेऊन येतो आणि दहा वर्षांपूर्वीच्या अपमानापासून सांगायला सुरुवात करतो. नोकरी गेलेली, घराचे हप्ते थकलेले, झोप उडालेली. त्याला मध्येच तोडले तर तो दुखावतो आणि सगळे ऐकत बसले तर हवी ती तारीख हाती लागत नाही. त्याला वाटते, हा सरकारी माणूस माझ्या बाजूचा. कंपनीला वाटते, हा आमच्याविरुद्ध आलेला. दोघांचाही समज चुकीचा असतो. तपासनीस कोणाचाच वकील नसतो, आणि हे त्याला पहिल्याच भेटीत दोघांनाही सांगावे लागते.

साक्षीदारांची अडचण निराळीच. ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ते अजून त्याच कारखान्यात नोकरी करत असतात. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? म्हणून अशी सोय आहे की, साध्या कामगाराला तपासनीस एकांतात भेटू शकतो, तेथे कंपनीचा वकील नसतो आणि मागितल्यास त्याचे नाव गुप्त ठेवण्याचे आश्वासन देता येते. व्यवस्थापकाची जबानी असेल तर मात्र कंपनीचा वकील शेजारी बसू शकतो, कारण व्यवस्थापक कंपनीच्याच वतीने बोलत असतो.

मग तराजू कसा धरायचा? येथे सगळे कायदे सारखे नाहीत. १९७० च्या कायद्याखाली, तक्रार केली नसती तर ही कारवाई झालीच नसती, असे दिसावे लागते. रेल्वे, विमान वाहतूक आणि कंपन्यांचे हिशेब यांविषयीच्या नव्या कायद्यांत माप हलके आहे. तेथे तक्रारीचा त्या कारवाईला थोडा जरी हातभार लागला असेल तरी पुरते. मग ओझे मालकावर जाते. तक्रार नसती तरी आपण हेच केले असते, हे त्याने स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने दाखवायचे. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी यूबीएस या बँकेच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने आणखी एक गोष्ट सांगितली. मालकाच्या मनात सूडबुद्धी होती, हे २००२ च्या कायद्याखालील तक्रारदाराने वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही. दुसऱ्याच्या मनात शिरून कोणी पाहिले आहे? कृती आणि कारण यांचा संबंध दिसला म्हणजे पुरे.

तपासात वाजवी आधार सापडला, तर नव्या कायद्यांखाली खाते आदेश काढते: माणसाला कामावर परत घ्या, बुडालेला पगार व्याजासह द्या, झालेली हानी भरून द्या. हरलेल्या बाजूला तीस दिवसांत हरकत घेता येते. मग प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशापुढे, तेथून पुनर्विलोकन मंडळाकडे आणि शेवटी न्यायालयात जाते. अनेक प्रकरणे मध्येच तडजोडीने मिटतात. मात्र सरकारकडे पुन्हा कधी तक्रार करणार नाही, असे लिहून घेणारी तडजोड खाते मंजूर करत नाही. पैसे घेऊन तोंड बंद, हा व्यवहार त्या दारात चालत नाही.

हे सर्व ऐकून कोणाला वाटेल की, तेथे जागल्यांचे राज्य आहे. तसे नाही. तक्रारदाराच्या बाजूने निष्कर्ष निघतो तो थोड्याच प्रकरणांत. कित्येक तक्रारी कारणाचा धागा न जुळल्याने पडतात आणि कित्येक मुदतीच्या दगडावर फुटतात. १९७० च्या कायद्याखाली तक्रारीची मुदत किती आहे, ठाऊक आहे? अवघे तीस दिवस. विमान वाहतुकीच्या कायद्यात नव्वद, रेल्वे आणि कंपन्यांच्या कायद्यांत एकशे ऐंशी. नोकरी गेलेला माणूस पहिला महिना धक्क्यातून सावरण्यात आणि नवी नोकरी शोधण्यात घालवतो. एकतिसाव्या दिवशी तो आला, तर काही मोजके अपवाद सोडता, त्याची कैफियत कितीही खरी असो, तपासनिसाला नाही म्हणावे लागते. शिवाय १९७० च्या कायद्याखाली कामगाराला स्वतः दावा लावता येत नाही. सरकारने लावला तरच तो लागतो. तपासाला कायद्याने साठ किंवा नव्वद दिवस नेमून दिले असले, तरी प्रत्यक्षात पुष्कळ प्रकरणे त्याहून कितीतरी अधिक काळ रेंगाळतात, आणि तोवर घर चालवायचे असते ते त्या माणसालाच.

आपल्याकडे काय? सत्येंद्र दुबे हे नाव आपल्याला आठवत असेल. सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या कामातील गैरप्रकारांबद्दल या तरुण अभियंत्याने पंतप्रधानांच्या कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. पुढे २०१० मध्ये न्यायालयाने तिघांना दोषी ठरवले, ते लुटीसाठी केलेल्या खुनाबद्दल. पण त्या पत्राचा प्रवास देशाला अस्वस्थ करून गेला. एप्रिल २००४ मध्ये केंद्र सरकारने ठराव करून अशा तक्रारी घेण्याचे आणि तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवले. मग २०१४ साली जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला आणि ९ मे रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात एक चांगली तरतूद आहे. झालेली कारवाई ही छळ नव्हे, हे दाखवण्याची जबाबदारी तिथे सरकारी कार्यालयावर टाकली आहे. पण संमतीला दहा वर्षे उलटली तरी तो कायदा अमलात येण्याचा दिवस जाहीर झालेला नव्हता. शिवाय त्याचा रोख सरकारी कारभारावर आहे. खासगी कारखान्यातील जाळीवर चढणारा कामगार त्याच्या कक्षेत येत नाही.

श्रोतेहो, ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ असे आपण म्हणतो. आरवणाऱ्याला गप्प केले म्हणून जाळीची तार बळकट होत नाही आणि वहीतले आकडेही जुळत नाहीत. म्हणून असा तपासनीस मालकालाही हवासा वाटला पाहिजे. ज्या कारखान्यात माणसे न भिता बोलतात, तेथे मालकाला धोका अपघाताच्या आधी कळतो. आणि कामगारानेही या कामाकडून एक धडा घ्यावा: जे सांगायचे ते शक्यतो लेखी सांगावे, तारीख घालावी, प्रत जवळ ठेवावी आणि मुदत चुकवू नये. तपासनिसाजवळ दिव्यदृष्टी नसते. त्याच्याजवळ एक कोरा कागद असतो आणि त्यावर मांडायच्या तारखा असतात. त्या तारखा त्याला कोणीतरी सांगाव्या लागतात.